धोतर सोडा

मुलीच्या निश्चयाला बापाने धोतर नेसून यावं, एवढीच शेषगिरींची विनंती होती. हुंडा नको, मानपान नको, कार्यालय नको. कार्यक्रम हुबळीला देशपांडे नगरात त्यांच्या घरीच. "फक्त वाग्दानाला बसताना धोत्रा असू दे, मास्तर," असं मुलाचे वडील फोनवर इतक्या हळू आवाजात म्हणाले, की मला भरून आलं. चौतीस वर्षं पँट घालून नववी-दहावीला भूमिती शिकवलेल्या माणसाला नऊ हात कापडाची काय भीती, असं मी इंदुमतीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणालो. तिने उत्तर दिलं नाही. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली की बायका उत्तर देत नाहीत, नुसतं लक्षात ठेवतात.

खरी अडचण धोतराची नव्हतीच. मला राग येतो. तो आला की मी मोठ्याने बोलतो आणि मुद्दा संपेपर्यंत बोलतो, एवढंच. पण निवेदिताची याआधीची दोन स्थळं या एवढ्यापायी गेली. पहिल्या वेळी मुलाचे काका म्हणाले, की गणितात काय, पाठ केलं की येतं. मी त्यांना चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. दुसऱ्या वेळी काय झालं ते सांगत नाही, कारण त्यात चूक सर्वस्वी त्यांची होती. निवेदिता आता एकोणतीस वर्षांची आहे, आणि हा श्रीहर्ष तिने स्वतः निवडलेला. दोघं एकाच कॉलेजात शिकवतात. शुक्रवारी सकाळी गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली आणि म्हणाली, "अप्पा, आज एकच करा. शांत राहा."

"मी शांतच असतो," मी म्हणालो. हे जरा जोरात गेलं असावं, कारण गाडीच्या ड्रायव्हरने चालू केलेलं इंजिन बंद केलं.

बायकामंडळी साडेसातला पुढे गेली. मी मागे राहिलो, कारण माझं धोतर अजून नेसून व्हायचं होतं. शुक्रवारी राहुकाळ साडेदहाला लागतो. आम्हा मराठी माणसांचं राहूशी फारसं येणंजाणं नसतं, पण शेषगिरींच्या घरात राहुकाळात नवं काही सुरू करत नाहीत. साडेदहाच्या आत वाग्दान झालं नाही, तर मग श्रीहर्षची आजी पुन्हा पंचांग उघडणार, आणि ते उघडलं की चातुर्मास संपेपर्यंत मिटत नाही, अशी त्यांच्या घरची ख्याती. आणि तोवर मी आणखी किती जणांशी बोलेन याचा भरवसा आमच्या घरात कोणालाच नव्हता.

धोतर नेसवायला शेजारचे मुकुंदराव आले. हे कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि धारवाडात आता धोतराचे जे मोजके जाणकार उरलेत त्यांतले स्वतःच्या मते पहिले. दोनदा नेसवून त्यांनी दोनदा सोडलं. निऱ्यांना पीळ पडला म्हणाले. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी मला आरशासमोर उभं केलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरून बघत राहिले. मग सोगा, म्हणजे निऱ्यांचं ते लांब टोक, माझ्या डाव्या हातात दिला.

"हा हातातच धरायचा, गणपतराव. काही झालं तरी सोडायचा नाही."

मी म्हटलं, तुमच्या स्कूटरवरून सोडा की हुबळीपर्यंत. ते म्हणाले, "स्कूटरवर धोतर? चाकात गेलं म्हणजे? बस सगळ्यांत सुरक्षित. चढायचं, बसायचं, उतरायचं." मुकुंदरावांचा सल्ला ऐकला नाही की ते आठवडाभर गॅलरीत येत नाहीत. मी बसने निघालो.

मी चढलो त्या बसला दोन्ही बाजूंना दारं होती. रस्त्यावरच्या थांब्यावर डावं उघडतं, आणि पुढे बसच्या स्वतंत्र मार्गावर गेलं की सगळी स्टेशनं उजव्या हाताला येतात, तिथे उजवं. मी डाव्या दाराने चढलो. गर्दी होती. शेवटच्या पायरीवरून आत पाऊल टाकतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. डाव्या हातात सोगा, उजव्या हातात पेढ्यांची पिशवी. क्षणभर सोगा सोडून मी फोन काढला. मुकुंदराव होते.

"सोगा हातात आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो, आणि माझ्या मागे दार मिटलं.

या दारांना अडथळा आला की ती आपोआप उघडतात, असं म्हणतात. पण मुकुंदरावांनी निवडलेलं धोतर इतकं तलम होतं, की दाराच्या लेखी तो अडथळाच नव्हता. वीतभर सोगा बाहेर वाऱ्यावर आणि उरलेला मी आत. मी हळूच ओढून पाहिलं. हललं नाही. तेव्हा मी कोणत्याही सुशिक्षित माणसाने केलं असतं तेच केलं. दाराला पाठ लावून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उभा राहिलो.

पुढच्या सीटवरून काळा कोट घातलेला एक चाळिशीचा माणूस उठला. "सर, मी सागर. दहावी ब. तुम्ही बसा की." हुबळी कोर्टात वकिली करतो म्हणाला. मी म्हटलं, नको, मला उभं राहायची सवय आहे. तो बसेना. मी बसेना. रिकामी सीट मधे ठेवून आम्ही दोघं दहा स्टेशनं उभे होतो. त्याची नजर माझ्या धोतराकडे जायची आणि परत यायची. शेवटी तो हात मागे बांधून, अगदी दहावी ब मधे राहायचा तसा उभा राहून, म्हणाला, "सर, रागावणार नसाल तर एक सांगू? तुमचं धोतर दारात अडकलंय."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

सागरने ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरने बस बाजूला थांबवून डाव्या दाराचं बटण दाबलं. दार चार बोटं उघडलं, कुरकुरलं, आणि ती चार बोटं परत मिटताना त्याने हातभर धोतर फटीत ओढून घेतलं. मी दोन्ही हातांनी ओढलं. त्याने पुन्हा बटण दाबलं. मी पुन्हा ओढलं. दाराने आणखी हातभर घेतलं. चौथ्या वेळी माझी कंबर दाराला टेकली आणि मी त्या काचेला मिठी मारल्यासारखा उभा राहिलो. पलीकडून दुचाकीवरचे लोक माझ्याकडे बघत जात होते. माझा चेहरा काचेला चिकटलेला असल्यामुळे मलाही त्यांच्याकडे बघावंच लागत होतं.

ड्रायव्हरने नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथल्या माणसाने आधी नोंद करायची म्हणून दारात काय अडकलंय ते विचारलं. त्याच्याकडे यादी होती. पिशवी, छत्री, साडी, ओढणी. धोतर यादीत नव्हतं. दोघांचं थोडा वेळ बोलणं झालं आणि ड्रायव्हर माझ्याकडे वळून कानडीत म्हणाला, की साडी लिहायला सांगितलंय, चालेल ना. मी म्हटलं, चालणार नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर एक चुकीची नोंद नाही. ड्रायव्हर म्हणाला, नाव लिहीत नाहीत सर, नुसती साडी. तरी मी समजावून सांगितलं. यात चार मिनिटं गेली. मग कक्षातून नियम आला: दार पूर्ण मिटत नसेल तर प्रवासी उतरवायचे आणि बस डेपोत न्यायची.

प्रवासी उतरवायचे म्हटल्यावर बस जागी झाली. शुक्रवारची सकाळ, प्रत्येकाला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं. कोणी म्हणालं तेल घाला. कोणी म्हणालं कापा. कॉलेजच्या एका मुलीने फोन वर धरला. आणि मग मागून, पुढून, सगळीकडून एकच सल्ला येऊ लागला: "धोत्रा बिड्री, सर. बिड्री, बिड्री."

आता इथे थोडं भाषेचं सांगायला हवं. इतकी वर्षं धारवाडात राहून मी कानडी उत्तम ऐकतो, बोलतो, तिच्यात भाजी घेतो, भांडतो. पण राग आला की माझ्या डोक्यात सगळं मराठीत उतरतं. बिड्री म्हणजे सोडा. धोत्रा बिड्री म्हणजे धोतर सोडा. साठ माणसांनी भरलेली बस, त्यात बायका, त्यात माझा एक विद्यार्थी, आणि सगळे मिळून एका बासष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षकाला सांगत होते की धोतर सोडा.

मी निऱ्या दोन्ही मुठींत आवळल्या. माझ्या कानशिलांत ती ओळखीची धडधड सुरू झाली. त्याच वेळी मुकुंदरावांचा पुन्हा फोन आला आणि सागरने तो माझ्या कानाला लावला. "सोडू नका," एवढंच ऐकू आलं. मग लगेच इंदुमतीचा आला. दहाला पाच कमी होते. पण बोलली निवेदिता.

"अप्पा," ती म्हणाली, "रागावला नाहीत ना?"

कुठे आलात, असं तिने विचारलं नाही. वेळेवर याल ना, असंही नाही. मी "नाही" म्हणालो आणि माझा आवाज मलाच पटला नाही. फोन बंद झाल्यावर मी बसकडे वळलो, वळता येईल तेवढा, आणि बोलायला तोंड उघडलं. जे बोलणार होतो ते मुद्देसूद होतं. किमान अर्धा तास पुरलं असतं.

तेवढ्यात माझ्या कोपराला कोणीतरी एका बोटाने हात लावला. पन्नाशीच्या एक बाई होत्या, सुती पातळ नेसलेल्या, खांद्याला कापडाच्या घड्यांनी फुगलेली पिशवी. त्यांनी माझं तोंड उघडलेलं पाहिलं आणि ते उघडंच राहू देत धोतराचा काठ दोन बोटांत धरून बघितला, जणू दुकानात आहेत.

"चांगला कपडा आहे," त्या म्हणाल्या. "मराठी न्हवं तुम्ही? मघापासून पुटपुटताय ते मराठीत. मी भाग्यलक्ष्मी. दुर्गदबैलच्या बाजारात फॉल-पिको करते. हात सोडा बघू."

"बाई," मी म्हणालो, "मी धोतर सोडणार नाही."

"धोतर कोण सोडा म्हणतंय? नेसलेलं सोडायचं असतं तर बिच्चरी म्हटले असते की हे लोक. बिड्री म्हणजे धरलेलं सोडा. मुठी सोडा. तुम्ही ओढताय म्हणून ते तिथं आवळलंय, आणि आवळलंय म्हणून दार गिळतंय."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. कानडीत नेसलेलं सोडायला एक शब्द आहे आणि धरलेलं सोडायला दुसरा, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते मुलांना उदाहरण म्हणून सांगितलेलंसुद्धा आहे. साठ माणसं मघापासून मला नुसतं हात सैल सोडा म्हणत होती आणि मी त्या सगळ्यांवर अब्रूचा दावा लावायला निघालो होतो.

मुठी उघडायला मला वेळ लागला. रागाने आवळलेली बोटं एकदम सुटत नाहीत, एकेक सोडवावी लागतात, हे मला तेव्हा कळलं. भाग्यलक्ष्मीबाई थांबल्या होत्या. त्यांना घाई दिसत नव्हती. त्यांनी कापड ढिलं केलं, ड्रायव्हरला दार पूर्ण मिटून मग उघडायला सांगितलं, आणि दार उघडता उघडता ते धोतर, ज्याच्याशी मी पाव तास झुंजत होतो, मुकाट बाहेर येऊ लागलं. काळं, तेलकट, पण येऊ लागलं. शेवटचं दीड-दोन हात मात्र दाराच्या चाकात गुंडाळलेलं राहिलं.

"तेवढं द्यावं लागेल त्याला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. पिशवीतून धागा कापायची छोटी कात्री काढली. काठाला एक बारीकशी चीर दिली. नखाने एक धागा, एकच, उचलला आणि हलक्या हाताने ओढत नेला. कापडावर या काठापासून त्या काठापर्यंत एक विरळ रेघ उमटली. दोन्ही बाजू धरून त्यांनी फाडलं. फार जोर नाही, झटका नाही. चर्र असा एक लांब आवाज झाला आणि धोतर त्या रेघेवरून शेवटपर्यंत सरळ फाटलं. उभ्या बसमधे, गर्दीत, कोणी धक्का देत असताना. चौतीस वर्षं मी फळ्यावर रेषा काढल्या, पट्टी लावून काढल्या, आणि मोकळ्या हाताने अशी एकही आली नाही. माझ्या अंगावर काटा आला. मागे कोणीतरी हळूच "भारी" म्हणालं. कॉलेजच्या मुलीने फोन खाली घेतला होता आणि नुसतीच बघत होती.

"घाईने ओढलं की तिरकं जातं," भाग्यलक्ष्मीबाई कात्री ठेवत म्हणाल्या. "मग काही करता येत नाही."

उरलेलं धोतर पुन्हा नेसणं भाग होतं. सागरने कोट काढून पडद्यासारखा धरला. भाग्यलक्ष्मीबाई पाठ करून उभ्या राहिल्या आणि खांद्यावरून सांगत राहिल्या: निऱ्या पाचच घ्या, घट्ट खोचा, काष्टा आधी, नको आता ते टोक धरायला, हात मोकळे असू देत. मी सांगतील तसं करत गेलो. कोणाचं सांगणं मधे न बोलता ऐकून घेण्याची ती माझी बहुधा पहिलीच वेळ. गुडघ्याच्या थोडं खाली आलं आणि तिथेच थांबलं. बस सुटली. ड्रायव्हरने कक्षाला फोन करून साडी निघाली म्हणून सांगितलं, आणि मी काही बोललो नाही.

उतरताना मी भाग्यलक्ष्मीबाईंना पेढ्यांचा एक पुडा दिला. त्यांनी तो पिशवीत टाकला, "मुलीला सुखात राहा म्हणावं," म्हणाल्या आणि गर्दीत गेल्या. मुलीचं त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. फोनवरचं ऐकलं असेल.

सागरने रिक्षा थांबवून दिली. देशपांडे नगरात पोचलो तेव्हा दहा वाजून सोळा मिनिटं झाली होती. शेषगिरी दारातच उभे होते. पांढरंशुभ्र धोतर टाचेपर्यंत, खांद्यावर जरीचं उपरणं, कपाळावर गंध. त्यांच्या मागे हॉलमधे तीस-चाळीस माणसं. मी उंबऱ्यावर उभा राहिलो. पोटऱ्या उघड्या, मांडीवरून काळ्या तेलाचा पट्टा, धोतराच्या फाटलेल्या कडेला सुटे धागे. इंदुमतीने मला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की धोतराकडे कोणी बघतच नव्हतं. सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. दूध वर येताना बघतात तसे. शेषगिरींचा हात उपरण्याच्या टोकाशी चाळा करत होता. त्यांची आई पंचांग छातीशी धरून बसली होती. हे सगळे लोक सकाळपासून, कदाचित कित्येक दिवसांपासून, मला घाबरून बसले होते. तो हळू आवाज, ती कमीत कमी मागणी, हे सगळं त्यातलंच होतं. मी ज्याला त्यांचा चांगुलपणा समजत होतो त्यात चांगुलपणा होताच, पण भीतीही होती.

निवेदिता खांबापाशी उभी होती. हिरवी साडी, केसांत अबोली. तिने माझ्या पोटऱ्यांकडे पाहिलं. ओठ दातांत धरला. हात तोंडावर नेला, आणि हातावरून दोन डोळे माझ्या चेहऱ्यावर लावले. हसू का, असं ते डोळे विचारत होते. मला ती चार वर्षांची दिसली, सात वर्षांची दिसली, पंधरा वर्षांची दिसली, आणि प्रत्येक वेळी अशीच, तोंडावर हात आणि डोळे माझ्या तोंडाकडे. मी ते नेहमी पाहिलं होतं. त्याचा अर्थ काय ते कधी पाहिलं नव्हतं.

"निवे," मी म्हणालो, "हस गं."

ती थांबली. मी खरंच म्हणतोय का, ते तिने तपासलं. मग हसली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग खांबाला धरून, मग खाली बसून. पोटातून येणारं, मधेच श्वास अडकणारं, जरासं फाटकं हसू. श्रीहर्ष हसला, शेषगिरी उपरणं तोंडाला लावून हसले, आजीच्या हातातून पंचांग घसरलं. मला बसची सगळी हकिगत सांगावी लागली, आणि नियंत्रण कक्षात मी साडी म्हणून नोंदला गेलो हे सांगताना मीही हसलो. वाग्दान दहा सव्वीसला झालं. शेषगिरींनी माझ्यासाठी आतून त्यांचं कोरं धोतर आणलं होतं. मी नको म्हटलं आणि आहे त्याच धोतरात पाटावर बसलो. मंत्र चालू असतानासुद्धा निवेदिता मान खाली घालून हसतच होती.

मी चकित होऊन तिच्याकडे बघत होतो. एकोणतीस वर्षं एका घरात राहून हा आवाज मी ऐकला नव्हता. शेजारी बसलेल्या इंदुमतीला मी हळूच विचारलं, "ही अशी कधीपासून हसते?"

"लहानपणापासून," इंदुमती म्हणाली. "तुम्ही शाळेला गेलात की."